द्राक्षाचे पैसे बुडाले. पोलीस म्हणतात ‘दिवाणी आहे, कोर्टात जा’

बागवाला_निफाड

अडीच एकर थॉमसन जातीची द्राक्षं. यंदा फेब्रुवारीत (2025) 42 रुपये किलोने सौदा ठरला. 212 क्विंटल माल गेला, म्हणजे 8,90,400 रुपये. पहिली गाडी भरली तेव्हा दीड लाख रोख दिले, बाकी 7,40,400 चा चेक 18 फेब्रुवारीला हातात दिला, त्यावर तारीख 10 मार्चची. 13 मार्चला चेक परत आला, बँकेच्या मेमोवर ‘खाते बंद’. व्यापाऱ्याचा फोन बंद, भाड्याच्या गाळ्याला कुलूप. पोलीस ठाण्यात दोनदा जाऊन आलो. ‘उधारीचा व्यवहार आहे, दिवाणी दावा लावा’ एवढंच सांगतात. वर्षभराची औषधं, मजुरी सगळी या पैशावर होती. ही फसवणूक नाही तर मग फसवणूक कशाला म्हणायचं?

तालुका_कोर्टातली_वकील

दादा, व्यवहार 1 जुलै 2024 नंतरचा आहे, म्हणून जुन्या दंडसंहितेचं कलम 420 नाही, भारतीय न्याय संहितेचं 318(4) लागेल. शिक्षा सात वर्षांपर्यंत. पण पैसे बुडाले एवढ्यावर हे कलम लागत नाही. त्याने तुम्हाला खोटं सांगितलं, ते खरं मानून तुम्ही माल दिलात, आणि ते सांगताना त्याचा हेतू लबाडीचाच होता, हे तिन्ही दिसायला हवं. सगळं अडतं ते हेतूपाशी.

1860 च्या दंडसंहितेतच याचं उदाहरण होतं. नीळ देतो म्हणून आगाऊ पैसे घेणारा. द्यायचीच नव्हती तर ती फसवणूक. पैसे घेताना द्यायचा इरादा होता आणि नंतर शब्द मोडला, तर फक्त दिवाणी दावा. सर्वोच्च न्यायालयानेही 2000 साली हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात हेच धरलं: हेतू सुरुवातीपासून लबाडीचा हवा, नंतर पैसे थकले यावरून तो गृहीत धरता येत नाही.

म्हणून मला सांगा, गाडी भरण्याआधी तो नेमकं काय काय बोलला होता?

बागवाला_निफाड

ताई, निर्यातदार आहे म्हणाला. कार्डावर अपेडाचा (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) नोंदणी क्रमांक छापलेला, तो बघूनच मी दुसऱ्या व्यापाऱ्याला नाही म्हटलं. आमच्याच शिवारात आणखी चार जणांचा माल त्याच आठवड्यात उचलला, त्यांचेही चेक त्याच खात्याचे.

पिंपळगावकर

माझा अनुभव उलटा आहे, म्हणून सांगतो. आमच्या व्यापाऱ्याचा कंटेनर परदेशात नाकारला गेला, सहा लाख अडकले. मीही फौजदारीला निघालो होतो. पण तो घरीच होता, फोन उचलायचा, हिशोबाच्या वहीवर सही करून द्यायचा. दोन हंगामांत पैसे फिटले. त्याला चोर म्हणालो असतो तर अन्याय झाला असता.

तालुका_कोर्टातली_वकील

पिंपळगावकर म्हणतात तो व्यवहार दिवाणीच. निफाडच्या दादांचा मात्र तसा वाटत नाही. तो नोंदणी क्रमांक अपेडाकडे पडताळून घ्या. खोटा निघाला तर ‘खोटं सांगितलं’ हा भाग कागदावरच सिद्ध होतो. ‘तो बघूनच माल दिला’ हे वाक्य तक्रारीत तुमच्या शब्दांत लिहा, ते बऱ्याच तक्रारींत राहून जातं. खातं कोणत्या तारखेला बंद झालं ते पोलीस बँकेकडून मागवू शकतात. 18 फेब्रुवारीच्या आधी बंद झालं असेल तर हेतूबद्दल फार वाद उरत नाही. पाचही जणांनी तारखा, काटापावत्या जोडून तक्रार द्या.

विश्वासघाताचं 316 कलम सोबत टाकू नका. विक्री झाली की माल त्याचा झाला, तुम्ही त्याच्याकडे तो सांभाळायला ठेवला नव्हता. एकाच व्यवहारावर ही दोन्ही कलमं लागत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या दिल्ली रेस क्लब निकालात स्पष्ट केलंय.

ठाण्यात नोंद नाही झाली तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना, तरीही नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे.

आणि याच्यासाठी थांबू नका: चेक न वटल्याबद्दलची कलम 138 ची नोटीस मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत गेलीच पाहिजे. त्यानंतर त्याला 15 दिवस, मग महिन्याच्या आत कोर्टात फिर्याद.

बागवाला_निफाड

म्हणजे 12 एप्रिलच्या आत. उद्या सकाळी चौघांना घेऊन तुमच्याकडे येतो, ताई. कार्ड आणि काटापावत्या आईने पिठाच्या डब्यामागे पिशवीत जपून ठेवल्यात, त्या सगळ्या आणतो.