‘मॅथम’ला आपल्याकडे काय म्हणाल?

टॉल्किनचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पहिल्यांदाच हाती घेतलं. १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलेलं, म्हणजे आमच्या बाबांच्या वयाचं पुस्तक. तलवारी निघतील म्हणून बसलो, अन् प्रास्ताविकातच एका शब्दापाशी अडकलो. सध्या उपयोग नाही पण टाकवतही नाही, अशा वस्तूला हॉबिट, म्हणजे या अद्भुतकथेतले बुटके लोक, ‘मॅथम’ म्हणतात. घरात त्यांची गर्दी होते, मग भेटी म्हणून त्या हातोहात फिरतात.

वाचलं अन् आमचा माळाच डोळ्यासमोर आला. पेरणी ट्रॅक्टरवर गेली, तरी तिफणीचं चाडं, बी सोडायचं भांडं, तिथंच. हात लावला की आई म्हणते, ‘‘फेकू नोको बापा, कामी येईन.’’ मग मॅथमला आपल्याकडे काय म्हणाल, हे सगळ्यांना विचारलं. उत्तरं अशी आली, नावांऐवजी गावं दिली आहेत:

दर्यापूर: अडगळ. त्यात काय विचारायचं?

आर्वी: अडगळ म्हणताना माणूस वैतागलेला असतो. हॉबिट वैतागत नाहीत. नेमाड्यांनाही २०१० च्या ‘हिंदू’ कादंबरीच्या उपशीर्षकात तिला मान द्यायला ‘समृद्ध’ जोडावं लागलं.

दर्यापूर: मग किडूकमिडूक घ्या.

आर्वी: किडूकमिडूक म्हणजे चार मणी, तुटकं डोरलं, अडीनडीला मोडता येतं. चाडं कोण घेईल? मात्र एक गंमत आहे. टॉल्किन जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक, आणि हा शब्द त्यांनी तिथूनच उचलला. तिथं त्याचा अर्थ मौल्यवान वस्तू, ठेवा. हॉबिटांच्या तोंडी येईतो खजिन्याचा माळा झाला.

पुसद: तुम्ही सारे वस्तूच पाहून राहिले, ती फिरते ते कोणी बोलेना. लग्नातले दुपट्टे-टोप्या, ब्लाउजपीस आठवा. मी एका लग्नात दिलेला पीस तीन वर्षांनी माझ्याच घरी परत आला, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. आमच्या घरी त्याला ‘फिरता आहेर’ म्हणतात.

हे झकास! हॉबिटांत तर ज्याचा वाढदिवस तोच इतरांना भेटी देतो, मग फिरणारच. पण चाडं काही आहेरात देता येत नाही. म्हणून फिरेल तो फिरता आहेर, अन् माळ्यावर राहील त्याला आईचंच नाव: ‘कामीयेईन’. अडचण एवढीच की त्यांच्याकडं जुनी शस्त्रं वगैरे ठेवायला ‘मॅथम-हाउस’ आहे. त्याचं ‘कामीयेईनघर’ केलं तर वाचणारा पुस्तक मिटेल.

वाचतो पुढं. अंगठी अजून गावाबाहेरही पडली नाही.