मदत हवी आहे: वॉवमध्ये होली प्रीस्ट चालू ठेवू की डिसिप्लिन शिकू?

नमस्कार मंडळी, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये (वॉव) हीलर, म्हणजे बाकीच्यांची हेल्थ भरणारा, खेळणारं कुणी असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

माझा मेन (मुख्य कॅरेक्टर) प्रीस्ट आहे, द वॉर विदिन या एक्स्पान्शनमध्ये ८० लेव्हलचा, आणि हीलिंगच्या दोन स्पेकपैकी (खेळायच्या प्रकारांपैकी) मी पहिल्यापासून होलीच खेळत आलोय. आता गिल्डमध्ये विचारतायत की रेडला (मोठ्या गटाने बॉस मारायला) दुसरा स्पेक, डिसिप्लिन, आणशील का. गाइड वाचून झालेत, त्यात कुठला स्पेक वर आणि कुठला खाली ते कळतं, पण माझा प्रश्न तो नाहीये. मला हे समजून घ्यायचंय की खेळताना डोकं कुठे लावावं लागतं, कारण मला जेवढं कळलंय त्यानुसार हे दोन्ही हीलर असले तरी काम अगदी उलट करतात.

होलीचं मला आवडतं ते असं, की कुणाची हेल्थ पडली की मी भरतो. एकाची पडली तर सेरेनिटी, सगळ्यांची पडली तर सँक्टिफाय, आणि मधल्या वेळात फ्लॅश हील टाकला की सेरेनिटीचा कूलडाऊन (परत वापरता येईपर्यंतचा वेळ) ६ सेकंदांनी खाली येतो, प्रेयर ऑफ हीलिंग टाकली की सँक्टिफायचा, म्हणजे साधे हील टाकत टाकतच मोठे हील परत हातात येतात. फारच बिकट झालं तर अपोथिओसिस किंवा डिव्हाइन हिम. पुढे काय होणार हे नीट माहीत नसलं तरी निभावतं.

डिसिप्लिनमध्ये आधी शील्ड किंवा रेडियन्स या स्पेलने लोकांवर अटोनमेंट हा इफेक्ट लावायचा, ते १५ सेकंद टिकतं, रेडियन्सवालं त्याहून कमी, आणि तेवढ्या वेळात आपण बॉसला मारायचं म्हणजे त्या डॅमेजचा काही भाग हील होऊन त्या सगळ्यांना मिळतो. वाचताना भारी वाटतं. पण हेल्थ पडल्यावर लावायला गेलो तर उशीर, आणि खूप आधी लावलं तर बॉसचा फटका यायच्या आतच संपून जाणार ना? मग अनोळखी ग्रुपमध्ये मिथिक प्लस (पाच जणांनी वेळ लावून करायचं अवघड डंजन, त्यालाच 'की' म्हणतात) करताना, जिथे कोण कशात उभं राहील याचा नेम नाही, तिथे हे चालतं का? आणि होलीचा हात बसलेल्या माणसाने सराव कसा करायचा? मला मनापासून शिकायचंय, फक्त लोकांच्या कीज बिघडवून शिकायचं नाहीये.

प्रतिसाद

तुम्हाला गणित बरोबर कळलंय, म्हणजे अर्धं काम झालंय. मी बरीच वर्षं डिसिप्लिन खेळतेय, २०१६ ला लीजन एक्स्पान्शनमध्ये अटोनमेंट आत्ताच्या पद्धतीचं झालं तेव्हापासून, त्यामुळे थोडं लांबवते.

डिसिप्लिनला हेल्थ बारपेक्षा बॉसचा टायमर जास्त बघावा लागतो. डीबीएम किंवा बिगविग्स (हे टायमर दाखवणारे अ‍ॅडऑन) लावलं नसेल तर आधी ते लावा. उदाहरण सांगते, अरा-कारा डंजनचा पहिला बॉस अव्हानॉक्स, तो अलर्टिंग श्रिल मारतो तेव्हा पाचही जणांना लागतं आणि ते कधी येणार हे टायमरवर दिसतं. होलीवाला ते पडल्यावर सँक्टिफाय टाकतो. आपण काय करायचं, तर ते यायच्या जरा आधी रेडियन्स, एका कास्टमध्ये एक टार्गेट अधिक जवळचे ४ म्हणजे अख्खी पार्टी कव्हर, आणि फटका पडला की लगेच पेनन्स, माइंड ब्लास्ट, स्माइट हे मारायचे स्पेल. पार्टी भरते आणि बॉसलाही लागतं. की मध्ये वेळेची मारामारी असते तिथे हे हीलरचं डॅमेज फार कामाचं, होलीला मारायचं असेल तर तेवढा वेळ हील थांबवावा लागतो.

दोघांचे जीव वाचवणारे मोठे कूलडाऊनवाले स्पेल बघा, त्यातही हाच फरक आहे. डिसिप्लिनचं पेन सप्रेशन टँकवर (पुढे राहून मार खाणाऱ्यावर) फटका यायच्या आधी टाकायचं, ते डॅमेज ४०% कमी करतं. होलीचं गार्डियन स्पिरिट असेल तर माणूस मरता मरता वाचतो.

अनोळखी ग्रुपचं म्हणाल तर हो, त्रास होतो. बॉसवर नाही होत, कारण बॉस ठरल्याप्रमाणेच वागतो. ट्रॅशवर, म्हणजे बॉसच्या आधीच्या साध्या शत्रूंवर, होतो. कुणी किक (शत्रूचा स्पेल मध्येच थांबवणं) चुकवली आणि अचानक तिघं ३०% वर आले की होलीकडे उत्तर जास्त सरळ आहे. आणि किक तर आपल्याकडे दोन्ही स्पेकमध्ये नाही, सायलेन्स फक्त शॅडोला, त्यामुळे त्या बाबतीत दुसऱ्यांवरच अवलंबून. म्हणून माझं मत विचाराल तर रेड आणि ओळखीच्या लोकांबरोबरच्या कीज डिसिप्लिनवर, अनोळखी ग्रुप सध्या होलीवरच. स्पेक बदलायला काही लागत नाही, फक्त कॉम्बॅटमध्ये नसलं पाहिजे. मुख्य स्टॅट दोन्हीचा इंटेलेक्टच, गिअर बऱ्यापैकी तेच चालतं, सेकंडरी स्टॅट मागेपुढे होतात एवढंच.

प्रतिसाद

वरच्या ताईंशी सहमत, एक भर घालतो जी गाइडमध्ये फारशी येत नाही. डिसिप्लिनला मारायला कुणीतरी समोर लागतं. बॉस एखाद्या फेजमध्ये इम्यून झाला (मार लागेनासा झाला) किंवा उडून गेला आणि त्याच वेळात रेडवर डॅमेज चालू असेल तर अटोनमेंट लावून उपयोग काय, मारणार कुणाला? शिवाय स्माइट टाकायला तोंड बॉसकडे लागतं, होलीसारखं बॉसकडे पाठ फिरवून पळता पळता सेरेनिटी टाकली असं होत नाही. पेनन्स मात्र चालता चालता होतं, तेवढं बरं. रेडमध्ये डिसिप्लिन घेतलात तर गिल्डच्या बाकी हीलरांशी आधी बोलून घ्या की कुठला फटका तुमचा आणि कुठला त्यांचा. तुमचं सगळं तयार असताना दुसऱ्याने त्याच क्षणी डिव्हाइन हिम टाकलं की तुमची मेहनत ओव्हरहीलमध्ये, म्हणजे आधीच भरलेल्या हेल्थवर वाया, जाते.

धागाकर्ता

दोघांचेही खूप आभार, अगदी हेच हवं होतं. बॉस इम्यून असण्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आता सरावाचं सांगा ना. आणि हिरो टॅलेंटमध्ये (स्पेकच्या वर निवडायचा जास्तीचा टॅलेंट संच) ओरॅकल घेऊ की व्हॉइडवीव्हर?

प्रतिसाद

सरावाला फॉलोअर डंजन. बरोबर सगळे एनपीसी (गेमनेच चालवलेली पात्रं) असतात, कुणाची की जात नाही, घाई नाही. तिथे डॅमेज कमी असतं त्यामुळे हील किती झालं ते बघूच नका, फक्त क्रम बसवा: अटोनमेंट, मग मार, संपत आलं की परत. त्याआधी सेटिंगमध्ये जाऊन माऊसओव्हर कास्ट चालू करा, हे सगळ्यात महत्त्वाचं. होलीला पार्टीतल्या माणसावर क्लिक करत बसलात तरी चालून जातं, इथे टार्गेट कायम शत्रूच हवा आणि शील्ड माऊस नेऊन टाकायची, नाहीतर दर वेळी टार्गेट बदलण्यातच निम्मे सेकंद जातात.

हिरो टॅलेंट: ओरॅकल होलीलाही आहे, त्यामुळे तुमच्या ओळखीचं असेल, पण मी म्हणेन व्हॉइडवीव्हरच घ्या. माइंड ब्लास्ट टाकलं की एंट्रॉपिक रिफ्ट उघडते आणि ती असेपर्यंत स्माइटच्या जागी व्हॉइड ब्लास्ट येतो, म्हणजे कुठल्या वेळात जोरात मारायचं हे स्क्रीनवरच दिसतं. फटक्याच्या आधी अटोनमेंट, फटक्याला रिफ्ट, एवढं धरून चाला.

रेडसाठी पहिल्या आठवड्यात एकच बॉस निवडा, त्याचे दोन मोठे फटके कधी येतात ते लिहून ठेवा आणि प्रत्येकाच्या आधी शील्ड कधी सुरू करायची, दोन्ही रेडियन्स कधी टाकायचे ते ठरवा. दोन रेडियन्समध्ये १० जण होतात, उरलेल्यांना शील्ड. बॉसचं नाव आणि डिफिकल्टी इथे टाका, मी माझ्या वेळा लिहून देते.