तलाठ्याचे प्रशिक्षण: पडद्यावर की दप्तरावर?

धागा

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२० रोजी मिशन कर्मयोगीला, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांना मुख्यतः ऑनलाइन धड्यांतून प्रशिक्षण देण्याच्या योजनेला, मंजुरी दिली, तेव्हा सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांत ५१०.८६ कोटी रुपये खर्च धरला होता. म्हणजे माणशी साधारण १,११० रुपये. स्वस्त म्हणून हीच ऑनलाइन पद्धत आता राज्यातील महसूल कर्मचाऱ्यांच्याही माथी मारली जाते आहे, आणि माझा विरोध तिथे आहे. वारस नोंदीचेच पाहा. मृत्यूचा दाखला, वारसांची चौकशी, गाव नमुना ६-क (वारसांची नोंदवही), मग फेरफार (हक्कातील बदलाची नोंद) आणि संबंधितांना नमुना ९ ची नोटीस हा क्रम चित्रफीत पाहून पाठ होईल. परंतु भाऊ शपथपत्रात बहिणीचे नाव गाळतात, ‘ती दिल्या घरी सुखी आहे’ असे सांगतात आणि सारा गाव मान डोलावतो, तेव्हा काय विचारायचे व कोणाचा जबाब घ्यायचा, हे जुनी प्रकरणे समोर ठेवून अनुभवी माणसानेच शिकवावे लागते.

प्रतिसाद १

असहमत. गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाच्या सिरोंच्यातील तलाठ्याला पुण्यात यशदा या राज्याच्या प्रशिक्षण संस्थेत आठवडाभर बोलावले, तर प्रवास भत्ता, दैनिक भत्ता आणि निवासाचा खर्च कागदावर दिसतो. पण त्याच्या सजाचा (त्याच्याकडील गावांचा) अतिरिक्त कार्यभार शेजारच्या तलाठ्याकडे जातो आणि शेतकरी एका सातबाऱ्यासाठी खेटे घालतो, तो खर्च कोणत्याही लेखाशीर्षात सापडत नाही. तान्हे मूल असलेल्या महिला कर्मचाऱ्याला तर निवासी प्रशिक्षण ही शिक्षाच वाटते. शिवाय नियम बदलला की ऑनलाइन धडा लगेच बदलता येतो, आणि अडल्यावर तो पुन्हा उघडताही येतो.

धागाकर्ता

पुण्यालाच बोलवा, असा माझा आग्रह नाही. राष्ट्रीय प्रशिक्षण धोरण, २०१२ मध्ये प्रत्येक विभागाने वेतनाच्या तरतुदीपैकी किमान २.५ टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी राखावी, असे म्हटले आहे. ते धोरण केंद्राचे असले तरी त्याच धर्तीवर राज्याने तालुक्यातच निवृत्त मंडळ अधिकाऱ्यांना (तलाठ्यांच्या वरिष्ठांना) मानधन देऊन निकाली प्रकरणांवर वर्ग घ्यावेत. सजा सोडायला नको आणि भत्त्यांचा प्रश्नही उरणार नाही.

प्रतिसाद २ (महसूल खात्यातील)

तालुक्यात शिकवण्याला माझा पाठिंबा आहे, परंतु ‘अनुभवी माणूस’ या शब्दांवर इतकी भिस्त ठेवू नये. आमच्याकडे नव्या तलाठ्याला ज्येष्ठांच्या हाताखाली देतात, तेव्हा बहुधा शिकवण्याऐवजी थकीत कामे त्याच्या गळ्यात पडतात. आणि ज्येष्ठ स्वतः नोटीस न बजावता दप्तरी सह्या घेणारा असेल, तर शिकाऊ माणूस तीच वहिवाट उचलतो. त्यापेक्षा उपविभागीय अधिकाऱ्यांनी अपिलात रद्द केलेले फेरफार, पक्षकारांची नावे झाकून, वर्गात वाचायला द्यावेत. चूक नेमकी कुठे झाली, हे त्या निकालपत्रांत कारणांसह लिहिलेले असते.

प्रतिसाद १

निकालपत्रे वाचण्याची सूचना मला पटते. मात्र ती स्कॅन करून पोर्टलवर ठेवली, तर राज्यातल्या प्रत्येक तलाठ्याला एकाच वेळी मिळतील. त्यासाठी वर्ग, मानधन आणि हजेरीपट कशाला हवेत?

धागाकर्ता

कारण वाचणाऱ्याला आपल्या गावातले तसेच प्रकरण आठवते, आणि त्याबद्दलची शंका तो पोर्टलला विचारू शकत नाही. त्या शंकेला उत्तर देणाऱ्यासाठीच मी मानधन मागतो आहे.