मदत हवी आहे: रॉमकॉम शॉर्टफिल्मचा शेवट जमत नाहीये (तातडीचे!)

अर्धी_पटकथा
मंडळी, पटकन सुचवा. मासकॉमच्या शेवटच्या वर्षाची फिल्म आहे, रोमँटिक कॉमेडी. बाकी सगळं शूट झालंय, शेवट अडलाय. मॅडम म्हणतात, "हा शेवट हजारदा बघितलाय, काहीतरी मोडा." म्हणून दोघांना वेगळं केलं, तर म्हणे हेही बघितलंय. आता काय मोडू? रविवारी शूट आहे. 'आधी गोष्ट लिहायला शिक' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

चहाबाज
गोष्ट कुठाय पण? किती मिनिटांची? शेवट घडतो कुठे?

अर्धी_पटकथा
नेहमीचीच हो. लायब्ररीत धडक, पुस्तकं पडतात, भांडण, मैत्री, गैरसमज. मग ती शहर सोडून निघते आणि तो तिला अडवायला स्वारगेटला धावत जातो. एकूण १२ मिनिटं, ९ झालीत.

लेन्सवाला_लक्ष्या
कॅमेरा कोणता? रात्रीचं शूट असेल तर ५० एमएम १.८ लेन्स घे, स्टँडवरच्या ट्यूबलाइट मागे मस्त धूसर होतात. बाकी कथा वगैरे होते आपोआप.

निवृत्त_प्रेक्षक
वेगळं केलं म्हणजे नियम मोडला असं होत नाही. १९५३ च्या 'रोमन हॉलिडे'त दोघं वेगळेच होतात, पण तिथे राजकन्या स्वतःहून आपल्या कर्तव्याकडे परत जाते, म्हणून ते पटतं. तुमचे दोघे कशामुळे वेगळे होतात? दिग्दर्शकाला मार्क हवेत म्हणून?

आणि पळापळ हवीच कशाला? 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) बघा. दोन माणसं दिवसभर पुण्यात हिंडतात, भांडतात, नावंसुद्धा सांगत नाहीत. तरी खुर्ची सोडवत नाही.

एडिटटेबल
काका, ९ मिनिटं शूट झालीत म्हणतोय तो. आता दिवसभर कुठे हिंडवणार?

माझं मत, पळापळ ठेव. धावणं सुरू झालं की प्रेक्षक मनातल्या मनात पुढचं जोडायला लागतो: हाक, वळून बघणं, मिठी. नियम पाळल्यासारखा दाखवलास तरच तो मोडल्याचं कळतं. 'माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग' (१९९७) मध्ये नायिका नायकामागे धावते, पण नायक दुसरीच्याच मागे धावत असतो. पळापळ तीच, फक्त माणूस चुकलाय.

खवचट_काकू
एक बारीक शंका. मुलगी शहर सोडून का निघते?

अर्धी_पटकथा
गैरसमज होतो म्हणून. लिहिलंय की वर.

खवचट_काकू
गैरसमज झाला म्हणून कोणी एसटीचं तिकीट काढत नाही रे बाळा. रुसून फार तर मैत्रिणीच्या रूमवर जाईल. निघालीये कुठे? कशासाठी?

अर्धी_पटकथा
नाशिकला नोकरी लागलीये तिला. ते पहिल्याच सीनमध्ये आहे, मैत्रिणीला सांगते ती. त्याचा शेवटाशी काय संबंध?

पेठी_अचूक
अवांतर आहे, पण राहवत नाही. नाशिकच्या गाड्या स्वारगेटहून नाही सुटत. त्या शिवाजीनगर स्टँडच्या, आणि तो स्टँड मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला हलवला. स्वारगेटला सातारा, कोल्हापूर, सांगलीच्या गाड्या. पुण्यात तीन वर्षं शिकून एवढं माहीत नसावं?

निगडीकर
आम्हाला वल्लभनगर स्टँड जवळ पडतो. पुणं म्हणजे फक्त पेठा नव्हेत.

पेठी_अचूक
वल्लभनगर पिंपरीत येतं. बाकी चालू द्या.

अर्धी_पटकथा
अहो, धाग्याची वाट लावू नका! स्वारगेटची परवानगी काढलीये, पत्र हातात आहे. आता स्टँड बदलता येणार नाही. प्रेक्षकांना काय कळतंय?

खवचट_काकू
थांबा थांबा. बदलू नकोसच. त्यालाही तुझ्यासारखंच वाटू दे ना, गाडी स्वारगेटहूनच सुटणार म्हणून! धापा टाकत पोचतो, फलाटावर कोल्हापूर, सांगली, मिरज. फोन लावतो, "कुठेयस?" "वाकडेवाडीला." ९ मिनिटं तिच्यावर प्रेम केलं, पण ती कुठल्या गावाला चाललीये हे विचारलं नाही. पहिल्या सीनमध्ये ती मैत्रिणीला सांगते, त्याला नाही. झालं की तुझं काम, अर्धं शूटही आधीच झालंय.

एडिटटेबल
काकू, मानलं! फलाटावरच्या पाट्या एकेक करून क्लोजमध्ये घे, संगीत चढत जाऊ दे आणि फोन उचलल्यावर एकदम बंद.

निवृत्त_प्रेक्षक
पण मग यात रोमँटिक काय उरलं? कॉमेडीच्या शेवटी आशा हवी.

पेठी_अचूक
आशा आहे. २०२४ पासून स्वारगेटहून मेट्रो चालू आहे. मंडई, कसबा पेठ, सिव्हिल कोर्ट, मग शिवाजीनगर, तिथून रिक्षा. रिक्षावाला तयार झाला तर.

सूर_निरागस
शेवटी एखादं जुनं भावगीत टाका, डोळ्यांत पाणी येईल.

एडिटटेबल
हक्क कोण घेणार? ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं असतो आणि गीतकार-संगीतकारांचा वेगळा. महोत्सवाला पाठवायची असेल तर मित्राकडून दोन मिनिटं पेटी वाजवून घे.

अर्धी_पटकथा
काकूंची आयडिया मॅडमना पाठवली, "करा" म्हणाल्या. आता वाकडेवाडीची परवानगी रविवारच्या आत कुठून आणू? तिचा फोनवर फक्त आवाज ठेवला तर?

खवचट_काकू
अजिबात नाही. तिचं कोणी ऐकत नाही म्हणून हा गोंधळ, आणि शेवटी तिलाच गायब करतोस? कुठलीही उभी बस शोध, खिडकीशी बसव, बाहेरचं काही दाखवू नकोस. शेवटचा शॉट तिचा.

एडिटटेबल
+१. स्टँडवरच्या घोषणा आधीच रेकॉर्ड करून ठेव, त्या मागे लावल्या की वाकडेवाडी तयार. फोनवरचे संवाद मात्र दोघांना खरोखर फोन लावूनच घे, नाहीतर पॉज खोटे वाटतात.

अर्धी_पटकथा
ओके, डन. ती फोनवर "थांबते" म्हणते की "ये नाशिकला"?

खवचट_काकू
ते जी काम करतेय तिला विचार.

लेन्सवाला_लक्ष्या
कॅमेरा कोणता ते अजून सांगितलं नाहीस. बसच्या आत ५० एमएम अडचणीचं होईल, ३५ घे.