मदत हवी आहे: गुहागरच्या किनाऱ्यावरील चित्रकला शिबिर आणि न वाळणारे जलरंग

नमस्कार. आमच्या शाळेतील आठवी-नववीच्या 35 मुलांचे निसर्गचित्रण शिबिर डिसेंबरमध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर घ्यायचे ठरले आहे. गेल्या वर्षी खाऱ्या, दमट हवेत साध्या कार्ट्रिज कागदावरचा पहिला हात अर्ध्या तासातही वाळला नाही, कागद पापडासारखा फुगला आणि सुरूच्या बनाचा हिरवा रंग आकाशात उतरला. 300 जीएसएमचा (प्रति चौरस मीटर 300 ग्रॅम वजनाचा) जाड कागद सर्वांना परवडणारा नाही, तेव्हा पातळ कागद ओला करून बोर्डावर चिकटपट्टीने ताणून बसवल्यास निभावते का, की तेथे पेस्टलच बरे? शिवाय भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकत असल्याने मुलांच्या बैठकीची जागा व वेळ कशी ठरवावी, हेही अनुभवी कलाशिक्षकांनी कृपया सांगावे.