विषय: पांढरकवड्याहून – जवाईबापूंना कुणी काम देत नाही

लिहिणार: पांढरकवड्याच्या ताई
प्रति: परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाची ईमेल यादी

मंडळी, नमस्कार आणि सलाम,

पोचलात की कळवा म्हणालात, आणि कळवायला पाच दिवस लागले. गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर येते आणि तिथं आधीच चार पोरं बसलेली असतात.

नागपूरहून हैदराबाद रोडनं पांढरकवडा साधारण दीडशे किलोमीटर, मग आत कच्चा रस्ता. कापसाची शेवटची वेचणी चालू आहे. टेम्पोतून उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना लटकलेला पाहून ह्यांना (माझ्या परदेशी नवऱ्याला) वाटलं, नाताळची सजावट अजून उतरवली नाही!

चर्चनं आम्हाला दोन आठवड्यांसाठी पाठवलंय ते मिशन दवाखान्याच्या ओपीडीचा व्हरांडा रंगवायला. ह्यांनी महिनाभर व्हिडिओ बघून तयारी केली होती, हातमोजे नवे घेतले होते. चर्चला वाटतं आपण यांना परदेशी मिशनवर पाठवलं. हे माझं माहेर आहे आणि माहेरी जावई म्हणजे काय, हे समजावायचं मात्र माझ्याकडून राहिलं. पहिल्याच सकाळी ह्यांनी बादली उचलली, तर मोठीआई (माझी थोरली काकू) पदर सावरत धावत आली. "बाप्पा! जवाईबापूच्या हाती बादली! लोकं काय म्हनतीन? बसा तुमी." खुर्ची आली, चहा आला, मग ज्वारीची भाकर आणि सोले-वांगे. तुरीचे हिरवे दाणे यंदा भरपूर आहेत, त्यामुळे रोज तेच, आणि रोज तितकंच छान. दुसऱ्या दिवशी ब्रश गायब. तिसऱ्या दिवशी हातमोजे.

रविवारी उपासनेला हे गिटार घेऊन गेले, पाच गाणी बसवून. तिथं पेटी, ढोलकी, झांजा, आणि रेव्हरंड टिळकांची गीतं अभंगाच्या चालीवर. पहिल्या कडव्याला ह्यांची गिटार मागे पडली, तिसऱ्याला ती भिंतीला टेकली आणि हे टाळ्या वाजवू लागले. घरी येताना म्हणाले, "इथली मंडळी (म्हणजे इथलं चर्च) आपल्या चर्चपेक्षा म्हातारी आहे हे मला कुणी का नाही सांगितलं?"

आता सांगा, या माणसाला काम कसं मिळवून देऊ?

---

लिहिणार: धरमपेठचे काका

चि. ताईस,

पत्र वाचून हसलो. तुझी काकू बरोबर आहे, जावयाला राबवून गावात तोंड कसं दाखवणार?

पण एक विचारतो, राग मानू नकोस. टूरिस्ट व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही. तू ओसीआय कार्डवाली (भारतीय वंशाची परदेशी नागरिक) असलीस तरी मार्च 2021 च्या अधिसूचनेनुसार मिशनरी कामाला आधी विशेष परवानगी लागते. आपल्यातल्या पुष्कळांना हे ठाऊकच नाही. दुसरं, ही यादी गणपती आणि दिवाळीच्या कार्यक्रमांसाठी आहे. गावचं वर्णन जरूर लिही, प्रवचन तेवढं नको.

---

लिहिणार: यवतमाळकर

काका, प्रवचन कुठं दिसलं तुम्हाला? मला तर सोले-वांगेच दिसले, आणि रात्रीचे साडेअकरा वाजता भूक लागली.

शिवाय तुम्ही स्वतः हिस्लॉप कॉलेजचे! स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये बायकोला घेऊन नागपूरला आले, तेव्हा तिथं भोसल्यांचं राज्य होतं. आले धर्मोपदेशक म्हणून, आणि आज नाव निघतं ते गोंडांविषयी लिहून ठेवलेल्या नोंदींमुळे, गोळा केलेल्या दगडांमुळे, कॉलेजमुळे. कॉलेज तर 1883 मधलं, त्यांच्या पश्चात. 1863 च्या पावसाळ्यात टाकळघाटची शिळावर्तुळं बघून घोड्यावरून परतताना बोरीजवळ पुरात बुडाले. टाकळघाटला आपण दोघं स्कूटरवर गेलो होतो, आठवतं का?

ताई, ह्यांना जागलीवर पाठव. तुरीत रानडुकरं शिरतात, राखणीला माणूस लागतोच. पण टिपेश्वरचं वाघांचं अभयारण्य जवळ आहे, तेव्हा एकट्याला नको. वाघानं जावई-बिवई काही बघायचं नाही.

---

लिहिणार: पांढरकवड्याच्या ताई

काका, राग कसला? बरं झालं विचारलंत. ह्यांचा ई-टूरिस्ट व्हिसा आहे. त्यात महिन्याभराच्या आतली बिनपैशाची सेवा बसते, उपदेश बसत नाही. म्हणून रविवारी पाळकसाहेबांनी "दोन शब्द बोला" म्हटल्यावर हे उठले, "सलाम" म्हणाले आणि बसले. लोकांना ते फार आवडलं, कारण एरवी पाहुणा पाऊण तास बोलतो. परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म दवाखान्याच्या क्लार्कनं आमच्या बॅगा उतरायच्या आतच भरला.

यवतमाळकर, जागलीचं नाव काढताच मोठीआईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषयच बदलला.

काम मात्र काल मिळालं. पहाटे पाचला, घर झोपेत असताना, हे एकटेच व्हरांड्यात गेले. मागच्या खोलीत कळीचा चुना होता. त्यावर पाणी ओतलं आणि ढवळायला वाकले. चुना उकळतो, हे त्या महिनाभराच्या व्हिडिओंत कुठंच नव्हतं! आणि हातमोजे तर मोठीआईच्या तांदळाच्या डब्यात. मनगटावर शिंतोडे उडाले. रात्रपाळीच्या सिस्टरनं नळाखाली हात धरायला लावला तो वीस मिनिटं, मग मलम, मग पट्टी. फार भाजलं नाही, काळजी करू नका.

केसपेपर मोठीआईनं काढला. ह्यांचं नाव तिला आजतागायत म्हणता आलेलं नाही, तेव्हा नावाच्या रकान्यात सिस्टरनं 'जवाई' एवढंच लिहिलं.

आता हे पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून ओपीडीसमोर खुर्चीवर बसलेत. येणारा प्रत्येक पेशंट आधी त्यांची चौकशी करतो, मग आपलं दुखणं सांगतो. ब्रश सापडला, माझ्या हातात आहे, दोन खांब झाले. काका, ओसीआयवाल्यांना चुना मारायला परवानगी लागत नाही ना?