बंगल्याच्या पुनर्बांधणीत महापालिकेच्या शुल्कांसाठी किती तरतूद ठेवावी?

प्रश्नकर्ता, नौपाडा, ठाणे

वडिलोपार्जित बैठे घर पाडून त्या 300 चौरस मीटरच्या भूखंडावर तळमजला अधिक दोन मजले, म्हणजे साधारण 450 चौरस मीटर बांधकाम करण्याचे आम्ही ठरवले आहे. बांधकामाचा खर्च काढताना परवानगीसाठी मी फक्त छाननी शुल्क (नकाशे तपासण्याची फी) धरले होते. वास्तुविशारदांनी मात्र महापालिकेच्या मागणीपत्राची (सर्व शुल्के भरण्याच्या पत्राची) रक्कम याच्या कित्येक पटींनी अधिक असेल, असे सांगितले. ही रक्कम ठरते कशी आणि ती केव्हा भरावी लागते?

निवृत्त नगररचना कर्मचारी

छाननी शुल्क ही त्यातली सर्वांत लहान बाब. विकास शुल्क महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 124-ब नुसार आकारले जाते आणि ते रेडी रेकनरमधील, म्हणजे मालमत्तांच्या सरकारी दरपत्रकातील, जमिनीच्या दराशी जोडलेले आहे. निवासी वापरासाठी भूखंडाच्या क्षेत्रावर दराच्या 0.5 टक्के आणि बांधकाम क्षेत्रावर 2 टक्के. हिशेब दिसावा म्हणून दर चौरस मीटरला 50,000 रुपये मानला, तर तुमच्या प्रकरणात जमिनीचे 75,000 आणि बांधकामाचे 4,50,000, असे 5,25,000 रुपये होतात. नौपाड्याचा प्रत्यक्ष दर आपल्या सिटी सर्व्हे क्रमांकावरून काढावा. महत्त्वाचे नागरी वाहतूक प्रकल्प हाती घेतलेल्या शहरांत हे शुल्क शंभर टक्क्यांनी वाढवण्याचीही तरतूद अधिनियमात आहे. मेट्रोचे काम चाललेल्या ठाण्यात ती लागू धरली आहे का, हे वास्तुविशारदांना आधीच विचारून ठेवा.

वास्तुविशारद, पाचपाखाडी

वरील हिशेब योग्य आहे, पण अंदाजपत्रक कोलमडते ते बहुधा अधिमूल्यामुळे, म्हणजे जादा क्षेत्रासाठी भराव्या लागणाऱ्या प्रीमियममुळे. 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार निवासी इमारतीत प्रस्तावित चटई क्षेत्रावर (एफएसआय) 60 टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र (बाल्कनी, जिना यांसारखे) घेता येते, पण ते अधिमूल्य भरूनच, आणि तेही रेडी रेकनरच्या दरावरच. म्हणून नकाशावरील क्षेत्रफळाचा तक्ता हाती येईपर्यंत कोणताही आकडा पक्का मानू नये. एखादी खोली वाढवण्याचा मोह किती रुपयांचा आहे, ते त्या तक्त्यातच कळते.

याशिवाय बांधकाम खर्चाच्या 1 टक्का कामगार कल्याण उपकर धरावा. अनामत रकमा वेगळ्या स्तंभात लिहा, कारण त्या खर्चात मोडत नाहीत, अडकून मात्र राहतात. (माझ्या एका ग्राहकाने अनामत खर्चात धरली आणि पावती फाइलमध्येच विसरला, परत मिळवताना तीच पावती शोधावी लागली.)

भरण्याच्या वेळेबाबत म्हणाल, तर मोठा भरणा प्रारंभ प्रमाणपत्राआधी (काम सुरू करण्याच्या परवानगीआधी), म्हणजे ठेकेदाराच्या पहिल्या हप्त्याच्याही आधी करावा लागतो. गृहकर्जाचे पैसे बहुधा कामाच्या प्रगतीप्रमाणे सुटत असल्याने ही रक्कम स्वतःच्या बचतीतून उभी करावी लागेल, असेच धरून चाला.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. प्रस्ताव मार्चऐवजी मेमध्ये दाखल केल्यास फरक पडेल का?

निवृत्त नगररचना कर्मचारी

पडू शकतो. रेडी रेकनरचे नवे दर 1 एप्रिलपासून लागू होतात. 2025-26 मध्ये ठाण्यात सरासरी 7.72 टक्के वाढ झाली होती. मात्र घाईत अपुरा नकाशा दाखल केलात, तर सुधारित मंजुरीसाठी छाननी शुल्क पुन्हा भरावे लागेल, म्हणून आधी दरवाढीचा फरक आणि हे जादा शुल्क, या दोन्ही रकमा कागदावर मांडून पाहा.